वाचक विचारतात : कोट्यधीश उमेदवाराला आपलं दुखणं कळतं का?

निवडणूक, उमेदवारांची संपत्ती आणि सामान्य मतदार यांच्याबद्दल आलेल्या पत्रांतून निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमच्याकडच्या उमेदवाराने शपथपत्रात कोट्यवधींची मालमत्ता दाखवली आहे. मी चार एकरांत सोयाबीन घेतो. ज्याने कधी स्वतःचा माल आडतीवर घातला नाही, त्याला आमचं दुखणं काय कळणार? की हा माझाच पूर्वग्रह?
– एक शेतकरी, औसा (जि. लातूर)

उत्तर : शंका रास्त आहे, पण संपत्तीच्या आकड्यावरून तिचा निकाल लागत नाही. २०२४ च्या लोकसभेचा ७ मे रोजी झालेला तिसरा टप्पा पाहा. त्या टप्प्यात सर्वाधिक संपत्ती जाहीर करणारे तीन उमेदवार असे होते : दक्षिण गोव्यात भाजपच्या पल्लवी धेंपे (पतीच्या संपत्तीसह १,३०० कोटींहून जास्त), मध्य प्रदेशात गुन्यातून भाजपचे ज्योतिरादित्य शिंदे (सव्वाचारशे कोटींच्या आसपास) आणि कोल्हापुरात काँग्रेसचे शाहू छत्रपती (३४० कोटींच्या वर). धेंपे यांना काँग्रेसचे कॅप्टन विरियातो फर्नांडिस यांनी १३,५३५ मतांनी हरवलं, बाकी दोघे निवडून आले. याच शिंद्यांना २०१९ मध्ये याच गुन्यात सव्वा लाख मतांनी हार पत्करावी लागली होती. घराणं तेच आणि मतदारसंघही तोच. मधल्या काळात पक्ष बदलला होता. मतदार नुसता पैसा पाहून कोणाला नाकारत नाही आणि नुसता पैसा पाहून डोक्यावरही घेत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. स्वतः भोगलेल्या गोष्टीचा कारभारावर फरक पडतो का? पडतो, आणि तो मोजलेला आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगालचा बीरभूम आणि राजस्थानचा उदयपूर या दोन जिल्ह्यांतल्या ग्रामपंचायतींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं त्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम केलं. रस्त्यांचा निकाल आणखी बोलका आहे. बीरभूममध्ये बायकांची रस्त्यांची मागणी होती, तिथे महिला सरपंचांनी रस्ते वाढवले; उदयपूरकडे रस्ता ही पुरुषांची मागणी होती, तिथे त्यांनी रस्त्यांवर कमी खर्च केला. हंडा जिच्या डोक्यावर, तिला पाण्याची निकड कोणी समजावून सांगावी लागत नाही.

श्रीमंत उमेदवाराची अडचण इथेच आहे. आजारी पडला तर तो खासगी रुग्णालयात जातो, मुलं खासगी शाळेत, प्रवास स्वतःच्या गाडीने, वीज गेली तर जनरेटर. बिघडलेल्या सरकारी सेवेची बातमी त्याच्यापर्यंत कार्यकर्त्यांमार्फत पोचते, आणि कार्यकर्ता सगळ्याच तक्रारी वर नेत नाही. ठेकेदार त्याचाच माणूस असेल तर त्या ठेकेदाराविरुद्धची तक्रार वाटेतच राहते. म्हणून ‘किती कोटी’ यापेक्षा दोन गोष्टी बघा : त्याचा पैसा कशातून येतो, आणि तुम्ही वापरता त्यांपैकी कोणती सरकारी सेवा तो स्वतः वापरतो. ज्याचा आडतीचा धंदा आहे त्याला सोयाबीनचं अर्थशास्त्र तुमच्याइतकंच कळतं. प्रश्न एवढाच की भाव पडला की त्याचा तोटा होतो की फायदा.

कोपरा सभेत त्याला ‘सोयाबीनचा भाव किती?’ असं विचारू नका. आकडा कोणीही पाठ करून येतो. व्यवहार विचारा. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार समित्यांत भाव त्याच्या बराच खाली होता. तरी कित्येकांचा माल खरेदी केंद्रावर चढला नाही, कारण ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती. केंद्र सरकारने ती १५ टक्के केली १५ नोव्हेंबर २०२४ ला, म्हणजे विधानसभेच्या मतदानाच्या पाच दिवस आधी. तोवर गरजवंताने माल व्यापाऱ्याला घालून टाकला होता. तेव्हा विचारा : ओलावा मर्यादेपेक्षा एक टक्का जास्त भरला तर माल कुठे वाळवायचा? ई-पीक पाहणीत (मोबाइल अॅपवरून करायच्या पीकनोंदणीत) नोंद राहून गेली असेल तर खरेदीची नोंदणी कशी करायची? बारदाना (माल भरायची पोती) संपला तर केंद्र कोणाकडे मागतं? तुमच्या तालुक्यात केंद्रं किती, आणि काटा सुरू व्हायला उशीर का झाला? पंधरा मिनिटांत कळेल. माहिती नसणं हा गुन्हा नाही; ‘बघून सांगतो’ म्हणून आठवड्याने खरंच सांगणारा चालेल. ‘आपलं सरकार शेतकऱ्याच्या पाठीशी आहे’ एवढंच म्हणणारा मात्र त्या केंद्रावर कधी गेलेला नाही, असं खुशाल समजा.

प्रश्न : महाराष्ट्राच्या आमदारांची सरासरी संपत्ती ४३ कोटी आणि ९७ टक्के आमदार कोट्यधीश, असं वाचलं. मग निवडायला उरलं काय?
– एक वाचक, मुलुंड (मुंबई)

उत्तर : आकडे खरे आहेत. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने २०२४ च्या २८६ विजयी उमेदवारांची शपथपत्रं तपासली. त्यांत २७७ कोट्यधीश आणि सरासरी ४३.४२ कोटी. २०१९ मध्ये सरासरी २२.४२ कोटी होती.

सरासरी मात्र फसवते. घाटकोपर पूर्वचे पराग शाह यांनी एकट्यांनी ३,३८३ कोटींची संपत्ती जाहीर केली होती. हा एक आकडा वगळला तर उरलेल्या २८५ जणांची सरासरी ३२ कोटींच्या खाली येते. आणि शाह यांची २०१९ मधली संपत्ती पाचशे कोटींच्या आसपास होती. ती एवढी वाढली कशी म्हणून लोक चकित होतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे शेअर शपथपत्रात त्या दिवसाच्या बाजारभावाने दाखवावे लागतात. ज्याची संपत्ती मुख्यतः जंगम आहे, त्याचा आकडा बाजारासोबत फुगतो आणि उतरतो.

दुसरं, ‘कोट्यधीश’ हा शिक्का उमेदवार, जोडीदार आणि अवलंबित यांच्या एकूण मालमत्तेवर बसतो. कर्ज त्यातून वजा होत नाही. मुलुंडमध्ये गृहकर्जावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतलेला शिक्षकही त्या व्याख्येत कोट्यधीश ठरेल. चाकणजवळ पाच एकर जमीन असलेला शेतकरीही. म्हणून एक कोटी आणि शंभर कोटी एका टोपलीत टाकू नका.

तरीही अंतर मोठं आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या पाहणीत देशात ग्रामीण भागात माणशी मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये निघाला. खेड्यातल्या पाच माणसांच्या घराचा वर्षाचा खर्च अडीच लाखांच्या आसपास होतो. एक कोटी म्हणजे त्या घराचा चाळीस वर्षांचा खर्च.

प्रश्न : आमच्या नेत्यांच्या ताब्यात साखर कारखाना, इंजिनिअरिंग कॉलेज, पतसंस्था, दूध संघ असं सगळं आहे. शपथपत्रात मात्र थोडी शेती, एक घर आणि दोन गाड्या. हे खोटं नाही का? शपथपत्र नेमकं वाचायचं कसं?
– एक निवृत्त मुख्याध्यापक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : बहुधा खोटं नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. कारखाना सभासदांचा असतो, कॉलेज विश्वस्त संस्थेचं आणि पतसंस्था ठेवीदार-सभासदांची. कायद्याने यांतलं काहीच नेत्याच्या मालकीचं नाही, म्हणून शपथपत्रात येतात फक्त त्याचे भाग-शेअर, तेही काही हजारांचे. पण ऊस कधी तोडायचा, नोकरीवर कोणाला घ्यायचं, कर्ज कोणाचं थकवू द्यायचं हे तोच ठरवतो. सहकारी पट्ट्यात मालमत्ता आणि सत्ता या वेगळ्या चीजा आहेत, आणि नमुना क्र. २६ चं शपथपत्र फक्त मालमत्ता मोजतं. ऊसतोडीची चिठ्ठी ज्याच्या हातात आहे त्याला मतदाराची रोजची गरज फार बारकाईने माहीत असते. आपल्या भागात नेता अनभिज्ञ असण्यापेक्षा मतदार त्याच्यावर अवलंबून असणं हा मोठा धोका आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. अनभिज्ञ नेत्याला तुम्ही पाडू शकता. ज्याच्या कारखान्यात तुमचा ऊस आणि ज्याच्या कॉलेजात तुमचा मुलगा, त्याला पाडताना हात अडखळतो.

आता वाचन. शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं. जुनी शपथपत्रं ‘मायनेता’ या असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या संकेतस्थळावर. या निवडणुकीचं आणि मागच्या निवडणुकीचं अशी दोन काढा आणि शेजारी ठेवा. एकट्या शपथपत्रातून फारसं निघत नाही.

सुरुवात प्राप्तिकराच्या तक्त्याने करा. गेल्या पाच वर्षांचं विवरणपत्रांतलं एकूण उत्पन्न तिथे द्यावं लागतं. २०१९ पासून ही अट आहे. पाच वर्षांची बेरीज करा आणि दोन शपथपत्रांतल्या मालमत्तेच्या वाढीशी ताडून पाहा. वाढ उत्पन्नाहून बरीच जास्त असेल तर तीन कायदेशीर कारणं संभवतात : जमिनीचा भाव वाढला, शेअर वाढले किंवा शेतीचं करमुक्त उत्पन्न आलं. यांतलं एकही बसत नसेल तर प्रश्न विचारायला जागा आहे.

मग स्थावर मालमत्ता. प्रत्येक जमिनीपुढे गाव, गट क्रमांक, क्षेत्र, वारसाने आली की विकत घेतली, खरेदीची तारीख, त्या वेळची किंमत आणि आजची अंदाजे बाजारभावाची किंमत असे रकाने असतात. गट क्रमांक घेऊन महाभूलेखवर सातबारा काढा. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक हेक्टर म्हणजे १०० आर, सुमारे अडीच एकर. दोन गोष्टी नेहमी आढळतात : सामाईक खात्यात फक्त स्वतःचा हिस्सा दाखवलेला असतो (हे बरोबर आहे), किंवा ‘आजची किंमत’ या रकान्यात रेडी रेकनरचा (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला) दर टाकलेला असतो (हे नियमाला धरून नाही, कारण रकाना बाजारभावाचा आहे). मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गावाचा रेडी रेकनर दर दिसतो, म्हणजे ही चलाखी लगेच ओळखता येते.

जोडीदाराचा रकाना सोडू नका. कधी कधी नेत्यापेक्षा वहिनीसाहेबांची संपत्ती जास्त असते. पण स्वतः कमावणारी सज्ञान मुलं, भाऊ, सून यांची संपत्ती यात येत नाही. बाजारात न नोंदलेल्या खासगी कंपनीचे शेअर ताळेबंदातल्या किमतीने येतात, त्यामुळे बांधकाम कंपनीची खरी ऐपत झाकली जाऊ शकते. ‘दिलेली कर्जं’ या रकान्यात नातेवाइकांच्या कंपन्यांची नावं आढळतात, तिथून धागा सापडतो. शेवटी, सरकारी कंत्राटांचा तपशील : स्वतःचे, जोडीदाराचे आणि भागीदारी संस्थांचे ठेके तिथे नमूद करावे लागतात. आमच्या मते अख्ख्या शपथपत्रातला सर्वांत कामाचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा भाग हाच.

एक स्पष्टीकरण. ९ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलमधल्या कारिखो क्री यांच्या प्रकरणात सांगितलं की उमेदवाराने घरातली प्रत्येक जंगम वस्तू जाहीर केलीच पाहिजे असं नाही; ती मोठ्या किमतीची किंवा राहणीमान दाखवणारी असेल तर मात्र केली पाहिजे. तेव्हा एखादी जुनी दुचाकी राहिली म्हणून आमदारकी जात नाही.

प्रश्न : शपथपत्र खोटं आहे याचा पुरावा माझ्याकडे असेल तर?
– एक मतदार, म्हापसा (गोवा)

उत्तर : छाननीच्या वेळी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे प्रति-शपथपत्र द्या, तेही लोकांसाठी प्रसिद्ध होतं. अधिकारी खऱ्याखोट्याची चौकशी करत बसत नाही, एवढ्यावर अर्ज बाद होण्याची आशा धरू नका. रकाने कोरे ठेवले आणि सूचना देऊनही भरले नाहीत, तर मात्र अर्ज फेटाळता येतो. सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा तसा निकाल आहे. खोट्या माहितीसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली न्यायालयात तक्रार करता येते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. निवडच रद्द करून घ्यायची असेल तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका हवी, सोबत २,००० रुपयांची अनामत. ४६ वा दिवस चालत नाही.

प्रश्न : मी बचत गटाचं काम करते. विधानसभेला अपक्ष उभं राहायचं मनात आहे. पैसा नसलेल्या बाईला हे झेपेल का? कमीत कमी किती लागतात?
– एक वाचक, दिंडोरी (जि. नाशिक)

उत्तर : अर्ज भरण्यापुरतं फार लागत नाही. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला ५,०००. (दिंडोरी अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, तिथून लढायचं तर जातीचा दाखला आधी तयार ठेवा.) वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली तरच अनामत परत मिळते. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारे मतदार) लागतात. त्यांतल्या कोणाचं नाव यादीत नसेल तर अर्ज बाद होऊ शकतो, म्हणून मतदारयादी हातात घेऊन सह्या घ्या. अर्जाच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खातं उघडा. ते तुमच्या एकटीच्या किंवा तुमच्या आणि निवडणूक प्रतिनिधीच्या नावाने असावं. नवऱ्यासोबतचं जुनं संयुक्त खातं चालणार नाही.

खर्चाची नोंदवही तीन भागांची असते : पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोख आणि पिवळ्यांवर बँक. प्रचाराच्या काळात ती किमान तीनदा तपासून घ्यावी लागते. एका व्यक्तीला किंवा दुकानाला पूर्ण निवडणुकीत १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, जीप यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवून देतात. मावशीने फुकट चहा पाजला तरी तो त्या दराने वहीत येतो. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा, हरलात तरी. ‘पडलो, आता कसला हिशेब’ म्हणून कित्येक अपक्ष तो देत नाहीत आणि तीन वर्षांसाठी अपात्र ठरतात.

आता झेपण्याचं. महाराष्ट्रात विधानसभेची खर्चमर्यादा ४० लाख आहे (गोव्यात २८ लाख). २०२४ मध्ये राज्यात ९ कोटी ७० लाख मतदार होते, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी ३ लाख ३७ हजार. पूर्ण मर्यादा खर्च केली तरी मतदारामागे बारा रुपये पडतात. मतदान केंद्रं लाखभर, म्हणजे मतदारसंघात साडेतीनशेच्या घरात. प्रत्येक केंद्रावर एक प्रतिनिधी बसवून दिवसभराचं जेवण-प्रवास म्हणून फक्त ५०० रुपये धरले तरी पावणेदोन लाख एका दिवसात संपतात. घरोघरी पत्रक, चार गाड्या, सभांचे मंडप धरून दहा-बारा लाखांखाली नुसतं सगळ्या गावांत पोचणंही अवघड आहे. तुमच्या बचत गटांच्या बायका साडेतीनशे केंद्रांपैकी किती ठिकाणी बिनपगारी बसतील, ते आधी कागदावर लिहून काढा. निम्मी केंद्रंही भरत नसतील तर पंचायत समितीपासून सुरुवात करा.

मोठा पैसा मात्र या हिशेबात दिसतच नाही. उमेदवाराचा खर्च अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतच मोजतात. त्याआधीचे हळदीकुंकू समारंभ, दहीहंड्या, देवदर्शनाच्या बसगाड्या मोजणीत येत नाहीत. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला मर्यादाच नाही. गोपीनाथ मुंडे यांनी २०१३ मध्ये जाहीर भाषणात सांगितलं होतं की २००९ च्या लोकसभेला आपल्याला आठ कोटी खर्च आला. त्या वेळची मर्यादा २५ लाखांची होती. निवडणूक आयोगाने त्यांना नोटीसही काढली. पक्ष तिकीट देताना ‘खर्चाची तयारी किती’ हे आधी विचारतात ते यामुळे. मतदाराला श्रीमंत उमेदवार नको असला तरी यादीत बहुतेक तेच उरतात, कारण गाळणी त्याच्या आधीच लागलेली असते. दुरुस्ती व्हायची तर इथे व्हायला हवी : पक्षाच्या खर्चाला मर्यादा आणि अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांचाही हिशेब.

प्रश्न : मग गरीब उमेदवारालाच मत द्यावं का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : गरिबी हीही पात्रता नाही. डहाणूचे विनोद निकोले यांनी २०१९ मध्ये एकूण ५१,०८२ रुपयांची संपत्ती जाहीर केली होती. ते तेव्हाही निवडून आले आणि २०२४ मध्येही. पण त्यांच्यामागे माकपचं त्या भागातलं दशकांचं संघटन आहे, कार्यकर्ता तिथे विकत घ्यावा लागत नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, एसटीने फिरत राहिले. त्यांच्याही मागे शेकाप होता आणि गावात सूतगिरणी उभी होती. संघटना नसलेला गरीब उमेदवार निवडून आला तर पहिल्याच वर्षी कोणाच्या तरी पैशाच्या ओझ्याखाली येतो.

सध्याच्या आमदाराला तोलायचं असेल तर त्याची कामं पाहा. आमदार निधी वर्षाला पाच कोटी असतो. मंजूर कामांची यादी जिल्हा नियोजन समितीच्या कार्यालयातून माहिती अधिकारात मिळते. सभामंडप, कमानी, पेव्हर ब्लॉक एका बाजूला आणि शाळाखोल्या, पाणी, दवाखाना दुसऱ्या बाजूला मांडा. मग अधिवेशनात त्याने विचारलेले तारांकित प्रश्न काढा आणि त्यांत किती प्रश्न आपल्या मतदारसंघाचे, किती बदल्यांचे आणि किती कुठल्या तरी बांधकाम प्रकल्पांचे, ते मोजा. त्याचा निवडणूक खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक कार्यालयात एक रुपया फी भरून कोणालाही पाहता येतो. तो पाहताना वाहनांच्या पानापासून सुरुवात करा. तुम्ही रस्त्यावर पाहिलेल्या गाड्या आणि वहीतल्या गाड्या यांचा मेळ बसतो का, हे तिथेच कळतं.